अत्तीचं वय

माघातली दुपार होती. दानव्वा मागावर बसली होती, पाय खड्ड्यातल्या पावड्यांवर, म्हणजे पायाने दाबायच्या पट्ट्यांवर, हातात धोटा. खणाची निम्मी नक्षी भरून झाली होती. तेवढ्यात छातीतून काहीतरी गरम वर चढलं. मानेपर्यंत, कानांपर्यंत, मग थेट टाळूपर्यंत. काळीज धडधडायला लागलं आणि त्या उष्णतेच्या मागोमाग भीती आली. कशाची, ते तिला सांगता आलं नसतं. कुणीतरी पाठीशी येऊन उभं राहिलंय आणि आता आपल्याला हाक मारणार आहे, अशी.

तिने मान वळवून पाहिलं. मागे भिंत होती, भिंतीवर सुताच्या लडी टांगलेल्या होत्या.

थोड्या वेळाने सगळं ओसरलं. चोळी घामाने भिजली होती आणि आता हुडहुडी भरत होती. दानव्वाने पदराने तोंड पुसलं आणि पुन्हा धोटा मारला. हे काय आहे ते तिला ठाऊक होतं. निदान तिला तसं वाटत होतं. अत्तीला हेच झालं होतं.

अत्ती म्हणजे गुरुसिद्धव्वा, तिच्या बापाची बहीण. नवरा गेल्यावर माहेरी, गुळेदगुड्डलाच येऊन राहिलेली. हाताने इतकी सफाईदार की व्यापारी तिचे खण वेगळे काढून ठेवायचे. पन्नाशीच्या अलीकडे ती बिघडली. भर थंडीत डोक्यावर घागरी ओतून घ्यायची, विणता विणता उठून रस्त्यावर जाऊन उभी राहायची, कुणी बोललं की रडायची नाहीतर अंगावर यायची. हिला धरलंय, असं घरात ठरलं. अमावास्येला डोंगरावरच्या देवाला नेलं, तिथे लिंबाच्या डहाळ्यांनी झोडपलं. गुण येईना, तेव्हा सुताच्या खोलीत पायाला दोर बांधून ठेवलं. तिला भाकरी नेऊन द्यायचं काम दानव्वाकडे होतं. दानव्वा परकरातली पोर. उंबऱ्यावरूनच ताट आत सरकवायची. अत्ती म्हणायची, "भिऊ नको गं दाने. मला काही झालेलं नाही. आत आग लागलीय, एवढंच." दानव्वा पळून जायची. पुढे एके दिवशी खोलीचं दार उघडं राहिलं आणि अत्ती विहिरीत सापडली.

दानव्वा मोठी झाली तशी बायका म्हणायला लागल्या, पोरगी अगदी आत्यावर गेलीय. तेच कपाळ, तोच हात. गावातच लग्न झालं, इरण्णा झाला, इरण्णाचं लग्न झालं, तो सोलापूरला यंत्रमागावर गेला, घरात सून आली. ते बोलणं दानव्वा विसरली नव्हती. ती फक्त त्या वयाची वाट बघत होती, आणि आता ते वय आलं होतं.

म्हणून तिने कुणाला सांगितलं नाही. लाट आली की खोकल्याचं निमित्त करून परसात जायची. झोप उडाली, तरी डोळे मिटून पडून राहायची. नक्षीत चुका व्हायला लागल्या, व्यापाऱ्याने दोन खण परत पाठवले. चुलीवर कालवण ठेवलेलं विसरायची आणि करपलं की सुनेवर खेकसायची. विहिरीच्या बाजूने जाणं तिने सोडून दिलं. सगळ्यात वाईट म्हणजे सून तिला हाक मारायची तीसुद्धा 'अत्ती'. त्यांच्या कानडीत आत्याही अत्ती आणि सासूही अत्ती. सुवर्णाने सैपाकघरातून "अत्ती, पाणी तापलंय" म्हटलं, की दानव्वाला वाटायचं, ही दुसऱ्याच कुणाला बोलावतेय.

नवरा, मल्लेशप्पा, मुळात अबोल. पण त्यालाही दिसत होतंच. एक दिवस दानव्वाचा थोरला भाऊ चन्नप्पा आला आणि दोघं ओसरीवर बसून हलक्या आवाजात बोलायला लागले. दानव्वा दाराआड उभी राहिली.

"भावजी, मी बघितलंय हे एकदा," चन्नप्पा म्हणत होता. "अशीच सुरुवात असते. उशीर करू नका. येत्या अमावास्येला गाडी सांगतो, डोंगरावर नेऊन आणू."

मल्लेशप्पा हो म्हणाला नाही. पण नाहीही म्हणाला नाही.

त्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी तो नव्या दोराचं वेटोळं घेऊन घरी आला. खुंटीला लावलं आणि हातपाय धुवायला परसात गेला. दानव्वाने ते वेटोळं बघितलं. ती उठली आणि समोरच्या दाराने अनवाणीच बाहेर पडली. कुठे जायचं ते ठरलं नव्हतं, फक्त विहिरीच्या वाटेने जायचं नाही, एवढंच डोक्यात होतं. गावाबाहेर तांबड्या खडकांची टेकडी आहे, तिच्या पायथ्याशी पोचेपर्यंत दम लागला. एका कपारीच्या सावलीत ती बसली. तळपाय भाजून निघाले होते.

बऱ्याच वेळाने सुवर्णा आली. हातात चपलांचा जोड.

"अत्ती, चपला राहिल्या तुमच्या."

"तुला कुणी धाडलं?"

"कुणी नाही. तुम्ही वळणावरून जाताना दिसलात. मला वाटलं, कुणाकडे निघालात. मग पायांकडे लक्ष गेलं."

दानव्वा तिच्या मागे बघत राहिली. वाटेवर आणखी कुणी नव्हतं.

"सुवर्णा, खरं सांग. दोर कशाला आणलाय?"

"दोर? पावड्यांचा नाही का. जुना कुजलाय म्हणून तुम्हीच मामंजींचं डोकं खाल्लंत की चार दिवस."

दानव्वाला ते आठवेना. आपण बोललो आणि आपल्यालाच आठवत नाही, या विचाराने ती आणखीनच घाबरली. आणि मग तिला रडू फुटलं. लाट, भीती, अत्ती, सुताची खोली, विहीर, सगळं तिने सांगून टाकलं. सुवर्णा शेजारी बसून ऐकत होती. शेवटी तिने खाली बघत विचारलं, "पाळी येते का तुमची अजून?"

"हे काय विचारणं झालं? सून आहेस ना?"

"सून आहे म्हणूनच विचारते. न्हाणीघर मी धुते, मला दिसतं."

दानव्वा हळूच म्हणाली, "कधी दोन-दोन महिने पत्ता नसतो. आली की थांबायचं नाव घेत नाही."

"माझ्या अव्वाचं असंच झालं होतं. माझ्या लग्नात आठवतं का, वधूची आई असून मांडवात पंख्याखाली खुर्ची टाकून बसली होती ती? तुमच्याकडच्या बायका म्हणाल्या, विहीणबाईंना फार मिजास."

"मीच म्हणाले होते," दानव्वा म्हणाली.

"ठाऊक आहे मला. मिजास नव्हती ती. पाळी जायच्या वयात होतं असं, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तिला. बागलकोटला असतात त्या. उद्या जाऊ."

"आणि त्यांनी मला वेडी ठरवलं तर?"

"मी बरोबर असेन," सुवर्णा म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी तिला पुरतं बोलू दिलं. रक्तदाब बघितला, रक्त काढलं, पोटाची सोनोग्राफी केली. मग म्हणाल्या, "अंगातून वाफा येणं, धडधड, झोप उडणं, विसरभोळेपणा, उगाच भीती, या वयात खूप बायकांना होतं हे. तुम्हाला जरा जास्त होतंय. त्यावर उपाय आहेत. अंगावरून फार गेल्यामुळे रक्तही कमी झालंय, धडधड त्यानेही वाढते."

"मी वेडी होणार नाही ना?"

"या वाफांनी कुणी वेडं होत नाही. मनाचा त्रास झालाच, तरी त्यालाही औषध असतं."

"मग आमच्या अत्तीला काय झालं होतं?"

"त्यांना मी बघितलेलं नाही. हेच असेल, किंवा आणखी काही असेल. पण काहीही असलं, तरी बांधून ठेवायचं कारण नव्हतं."

मग त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली. गर्भपिशवीचं अस्तर जाड दिसत होतं. त्याचा लहानसा तुकडा काढून तपासायला पाठवावा लागणार होता. दानव्वाने विचारलं नाही, पण कॅन्सरची शंका आहे हे तिला कळलं. इतके दिवस डोक्याची भीती होती, आता पोटात दुसरी जाऊन बसली.

तुकडा काढून झाला आणि अहवालाची वाट बघणं सुरू झालं. त्यातच अमावास्या आली. चन्नप्पा सकाळीच गाडी घेऊन दारात हजर.

"दानव्वा, आवर. उन्हाच्या आत पोचू."

मल्लेशप्पा मागाच्या खड्ड्यात उतरून नवा दोर पावड्यांना बांधत होता. तो तिथूनच म्हणाला, "ती येणार नाही."

"भावजी, उद्या काही वेडंवाकडं झालं तर लोक मला विचारतील."

"तुम्हाला लोक नुसतं विचारतील. माझं घर बसेल. औषध चालू आहे तिचं. बसा, चहा घ्या, गाडी परत पाठवा."

लग्न झाल्यापासून मल्लेशप्पा चन्नप्पाशी इतकं बोलला नव्हता. दानव्वा दारात आली. नेमकी त्याच वेळी लाट वर चढत होती. चेहरा लाल झाला, कपाळावर घाम फुटला. चन्नप्पा तिच्याकडे बघून एक पाऊल मागे सरला. ते मागे सरणं दानव्वाने ओळखलं. सुताच्या खोलीच्या उंबऱ्यावरून ती स्वतः असंच मागे सरायची.

"अण्णा," ती म्हणाली, "अत्तीला बांधलं, तेव्हा दोर तू धरला होतास. काय म्हणाली होती ती?"

चन्नप्पा ओसरीच्या कडेला टेकला.

"पाणी मागत होती," तो म्हणाला. "डोक्यावर ओतायला. अप्पा म्हणाले, देऊ नका, अंगातलं आणखी चढेल. मी अठराचा होतो गं. मला भीती वाटत होती तिची."

"मलाही वाटायची. आणि आता तुम्हाला माझी वाटते."

त्याने चहा घेतला नाही. गाडी रिकामीच परत गेली.

अहवाल चांगला आला. वाईट काही नव्हतं. अस्तरासाठी काही महिने गोळ्या घ्याव्या लागल्या, आणि बाईंच्या सांगण्यावरून दानव्वा रोज सकाळी सुवर्णाबरोबर टेकडीपर्यंत चालायला लागली. हाडांसाठी दूध, तीळ, सकाळचं ऊन; चहा दोनदाच; मागावरून मधे मधे उठून दोन फेऱ्या. रात्री अंथरायला सुती चादर. लगेच काही बदललं नाही. पहिला पावसाळा वाईटच गेला. एकदा तिने भर ओसरीवर मल्लेशप्पाच्या अंगावर ताट भिरकावलं आणि मग दोघंही सांडलेल्या कालवणाकडे बघत बसले. शेवटी तो म्हणाला, "मीठ कमी होतं का?" ती हसली आणि मग बराच वेळ रडली.

पुढे पाळी गेली ती गेलीच. बाईंनी बजावून ठेवलंय, वर्ष उलटल्यावर एक डाग जरी दिसला तरी त्याच दिवशी यायचं, थांबायचं नाही. म्हणून न्हाणीघरात लुगडं बदलताना दानव्वाचा श्वास अजून क्षणभर अडकतो. लाटा विरळ झाल्यात, भीती मात्र पुरती गेलेली नाही. पण ती आली की दानव्वा आता परसात लपत नाही. मोठ्याने सांगते, "सुवर्णा, आली बघ," आणि सुवर्णा आतून विचारते, "मोठी आहे की लहान?"

गेल्या श्रावणात चन्नप्पा पुन्हा आला. या खेपेला बरोबर बायको होती, काशव्वा. ती पदराने मान पुसत होती आणि कुणाच्या नजरेला नजर देत नव्हती. चन्नप्पा आत आला नाही, पायरीखालीच उभा राहिला.

"हिला झोप लागत नाही," तो म्हणाला. "त्या डॉक्टरीणबाईंचा वार कोणता असतो?"

दानव्वाने काशव्वाचा हात धरला. तो थंडगार आणि घामेजलेला होता. "तू जा आता, अण्णा," ती म्हणाली. "ही राहील इथे."