बारा, सात आणि चार

"कागदात चार हाय ना बाई? मग चारच मोजा," देवराव म्हणाले.

लासूर स्टेशनजवळच्या एका बांधावर आम्ही उभे होतो. मी भूकरमापक, म्हणजे सरकारी मोजणीवाली. शेत रजियाबींचं, त्रिकोणी. शेजार देवरावांचा. तीन कोपऱ्यांपैकी दोन दगड जागेवर होते, तिसरा गायब. तो कुठं होता, यावर रजियाबींची विहीर कुणाच्या हद्दीत ते ठरणार होतं. त्यांची सगळी मोसंबी त्या पाण्यावर होती.

"अब्बानं खांदली ही विहीर," रजियाबी म्हणाल्या. "सांगून सांगून थकले मी."

माझ्या हातात पोलीस ॲक्शननंतरच्या, म्हणजे निजामाचं राज्य गेल्यावरच्या, मोजणीची नक्कल होती. क्षेत्राचा रकाना वाळवीनं खाल्लेला. तिन्ही बाजू मात्र शाबूत, साखळीत लिहिलेल्या. साखळी म्हणजे तेहतीस फूट. दोन दगडांमध्ये बारा. हरवलेला कोपरा पश्चिमेच्या दगडापासून सात, पूर्वेच्या दगडापासून चार. कोपरा पूर्वेच्या दगडाला इतका जवळ धरला, तर विहीर देवरावांकडं जात होती.

आकृती काढायला बसले आणि पेन्सिल थांबली. सात आणि चार अकरा. दोन्ही दगडांना दोऱ्या बांधून त्या एकमेकींकडे सरळ ताणल्या, तरी मधे एक साखळी उरते. टोकं भेटतच नाहीत, मग कोपरा कुठून येणार?

दुसऱ्या दिवशी ऑफिसात साहेबांना सांगितलं.

"मॅडम, सहीशिक्का आहे ना? रेकॉर्डप्रमाणे मोजा, केस निकाली काढा."

"सर, असा त्रिकोणच होत नाही."

"मग?"

"कोणता आकडा चुकलाय ते शोधते."

"आठ दिवस देतो."

खरं सांगते, मला मजा वाटायला लागली होती. दोन दगडांतलं अंतर मी आधीच मोजलं होतं, बरोबर बारा. तो आकडा पक्का. आता सात खरा धरला, तर तिसरी बाजू पाचाहून जास्त आणि एकोणिसाहून कमी हवी. बारा-साताची वजाबाकी आणि बेरीज. चार खरा धरला, तर आठ आणि सोळाच्या मधे. यात ढीगभर आकडे बसतात. निवडायचा कोणता?

तेव्हा माझीच एक जुनी चूक आठवली. साखळी दोघं ओढतात, पुढचा प्रत्येक साखळीला जमिनीत एक सळई रोवतो. मागचा माणूस सळया गोळा करत येतो. दहा झाल्या की त्या पुढच्याला परत देतात आणि वहीत दहाची एक रेघ मारतात. नवी होते तेव्हा मी ती रेघ मारायला विसरले होते आणि सोळाचे सहा झाले होते.

इथंही दहा गळले असतील तर? साताचे सतरा केले, तर सोळाच्या पुढं जातात. बाद. चाराचे चौदा? पाच आणि एकोणिसाच्या मधे. बसले!

पुन्हा शेतावर गेले. एका दगडापासून सात, दुसऱ्यापासून चौदा. दोन्ही साखळ्या जिथं भेटल्या तिथं खणायला सांगितलं. दोन फुटांवर कुदळ खणकन वाजली. दगड होता. विहीर रजियाबींच्या हद्दीत होती, चांगली आत.

"लिहिणाऱ्याचं चुकलं. माझं नाय," देवराव म्हणाले आणि चालू लागले.

रजियाबी दगडापाशी बसून होत्या. "बाई, मी खरं बोलत होते, हेबी लिहा की. लई जणांनी खोटारडी म्हटलं मला."

फॉर्मात त्याला रकाना नव्हता. शेऱ्यात लिहिलं, 'अर्जदाराचे म्हणणे पहिल्यापासून खरे होते.' साहेबांनी ते दोनदा वाचलं, माझ्याकडं बघितलं आणि सही केली.

माणसाला खोटं ठरवण्याआधी आकड्यांची बेरीज करून बघावी. सात आणि चार मिळवायला वेळ लागत नाही.