हॉस्टेलातल्या मुलींची भाषा

"मॅडम, भावाचा अर्ज मान्य आहे का, विचारा त्यांना," साहेब म्हणाले.

मी हातांनी विचारलं. सुमनताईंनी आधी माझ्या हातांकडे पाहिलं, मग तोंडाकडे, आणि मान डोलावली. मग मी मुद्दाम विचारलं, "तुमचं नाव सुमन नाही ना?" तरी मान डोलावलीच. काहीच समजलेलं नसलं की माणूस अशी मान डोलावतो.

मी साइन लँग्वेज इंटरप्रिटर आहे. कर्णबधिर माणूस हातांनी बोलतो ते मी तोंडाने सांगते, आणि ऐकणाऱ्यांचं बोलणं त्याला हातांनी. त्या दिवशी सोलापुरात एका सरकारी ऑफिसात पालकत्वाची सुनावणी होती. सुमनताई पन्नाशीच्या, माढ्याकडच्या. त्यांच्या धाकट्या भावाचा, दत्तात्रयचा अर्ज होता की बहिणीला काही कळत नाही, तिच्या वतीने सही करायचा अधिकार मला द्या. तो मंजूर झाला असता तर सुमनताईंच्या हो-नाहीला कायमची सुट्टी.

भाऊ वाईट नव्हता. "म्याडम, लई जीव लावतो आमी तिला. पर बँकेत अडतंय, तलाठ्याकडं अडतंय. तिला कुटं काय कळतंय?"

"शाळेत होत्या का?"

"व्हय की. हितंच, सोलापुरात. मुक्या मुलींच्या हॉस्टेलात. लहानाची मोठी तितंच झाली."

आता माझी ट्यूब पेटली. मी शिकले ती आजची, देशभर चालणारी साइन. सुमनताईंच्या काळी वर्गात हात हलवला की पट्टी बसायची. ओठ बघा आणि तोंडाने बोला, हाच हट्ट. मग मुलींनी धुण्याच्या दगडावर, जेवणाच्या पंगतीत स्वतःच्या खुणा तयार केल्या. बाहेर त्या कुणालाच येत नाहीत. आणि हॉस्टेल बंद होऊन जमाना झाला.

"साहेब, दुसरी तारीख द्या. अजून एक इंटरप्रिटर लागेल, आणि ती कर्णबधिर असेल."

"बहिऱ्या बाईसाठी बहिरी इंटरप्रिटर?"

"हो. ती ताईंचं मला सांगेल, मी तुम्हाला."

साहेबांनी कपाळाला हात लावला, पण तारीख दिली.

ही दुसरी इंटरप्रिटर म्हणजे लक्ष्मीअक्का, त्याच हॉस्टेलच्या. तेलुगू विणकरांच्या घरातल्या, आता सून-मुलासोबत एका खोलीत राहतात. इंटरप्रिटर द्या म्हणून आम्ही धरणं धरलं तेव्हा पहिल्या रांगेत त्याच होत्या. आजची साइन त्या तिथेच शिकल्या.

तारखेला त्या दारातून आत आल्या आणि सुमनताई खुर्चीवरून उठल्याच. अक्कांनी गालावर बोट टेकवून फिरवलं. खळीवाली, हे सुमनताईंचं हॉस्टेलातलं नाव. मग जे दोघींचे हात सुटले! वॉर्डनबाई, डाळीतले खडे, कुणाचं लग्न झालं, कोण वारलं. हसत होत्या, मधेच डोळे पुसत होत्या.

साहेब म्हणाले, "काय म्हणतायत?"

"अजून तुमच्यापर्यंत आल्या नाहीत, साहेब."

दत्तात्रय बघतच राहिला. "ही एवढी बोलती? आमाला वाटलं, स्वभावच गप हाय."

मग प्रश्न झाले. जमीन कुठे, त्यात तुमचा हिस्सा किती, सही म्हणजे काय, सगळ्याची उत्तरं नीट आली. "भाऊ चांगला आहे. सही मात्र मीच करणार." शेवटी साहेबांनी विचारलं, अजून काही सांगायचंय का?

"मला हॉस्टेलात परत जायचंय. घरी जेवायला मिळतं. बोलायला कुणी नाही."

हे मी साहेबांना तोंडाने सांगितलं. अशी हॉस्टेलं बंद करा, माणसांना आपल्या घरी राहू द्या, अशा घोषणा मी स्वतः दिल्यात. आजही देईन. ती पट्टी आणि ते फाटकाचं कुलूप मला परत नकोय. पण घरी गेल्यावर त्या बोलणार कुणाशी, हे आमच्या एकाही फलकावर नव्हतं.

साहेबांनी अर्ज फेटाळला. "बाईंना सगळं कळतं," असं स्वच्छ सांगितलं.

व्हरांड्यात आल्यावर मी म्हटलं, "ताई, जिंकलात." अक्कांनी ते त्यांच्या खुणांत सांगितलं.

सुमनताईंनी विचारलं, "पुढची तारीख कधी?"

"आता तारीख नाही. केस संपली."

त्यांचा चेहरा उतरला. इतकी वर्षं मी ऑफिसांच्या पायऱ्या झिजवतेय, तारीख मिळाली नाही म्हणून हिरमुसलेलं माणूस पहिल्यांदाच बघत होते. त्यांनी अक्कांचं मनगट घट्ट धरलं. त्यामुळे दोघींनाही धड बोलता येईना.

"काय म्हणती?" दत्तात्रयने विचारलं. मी सांगितलं.

"मग तुमीच द्या की एक तारीख," तो म्हणाला.

महिन्याचा पहिला सोमवार ठरला, अक्कांच्या खोलीवर. आणून सोडायचं काम त्याचं.

निकाल लागला की इंटरप्रिटरने निघावं, असं आम्हाला कोर्समध्ये शिकवतात. मी निघते. फक्त निघण्याआधी विचारून घेते, आता घरी गेल्यावर तुम्ही कुणाशी बोलणार?