तळाच्या पाच बाटल्या

एका नोंदवहीत मी एक खोटी खूण केली आणि तिचे ओझे सतरा वर्षे दुसऱ्या कुणाला तरी वाहू दिले. हे मी घरीदेखील कधी बोललो नव्हतो.

बेलापूरच्या एका प्रयोगशाळेत समुद्राच्या पाण्याची क्षारता मोजणे हे माझे काम होते. जहाज दक्षिणेकडच्या समुद्रात जाई, निरनिराळ्या खोलीवरचे पाणी काचेच्या बाटल्यांत भरून आणी, आणि त्या बाटल्या माझ्या खोलीत येत. समुद्राच्या तळाशी वारा पोहोचत नाही. तिथले पाणी चालते ते मुख्यतः स्वतःच्या जडपणाने. अंटार्क्टिकाच्या काठावर समुद्र गोठतो तेव्हा बर्फ मीठ आपल्यात फारसे ठेवत नाही. ते मागे उरलेल्या पाण्यात उतरते. गार आणि खारट झालेले ते पाणी शेजारच्या पाण्याहून किंचित जड होते, बुडते, आणि तळातल्या दऱ्याखोऱ्यांतून उत्तरेकडे सरकू लागते. त्याला पुन्हा वर यायला शतके लागतात. एवढ्या मोठ्या प्रवासाचे कारण असलेला तो किंचितपणा क्षारतेच्या आकड्यात दशांशचिन्हानंतरच्या तिसऱ्या अंकात दिसतो. त्या तिसऱ्या अंकासाठी मला नेमलेले होते.

जहाजावर बाटल्या भरण्याचे काम एका तरुण मुलीकडे होते. दिवाळे गावातली, कोळ्यांच्या घरातली, कंत्राटावर लागलेली. तिची आई गावच्या धक्क्यापाशी मासळी विकायची. प्रत्येक बाटली त्याच खोलीच्या पाण्याने तीनदा विसळायची, झाकणाखाली मिठाचा कण राहू द्यायचा नाही, हे ती व्रतासारखे पाळत असे. आमचा एक सहकारी तिला चिडवायचा, "एवढं विसळताय, तर आमचे कपही घ्या."

"तुमचा कप तीनदा विसळून पण वास जात नाही," ती म्हणे.

एका सफरीहून परतल्यावर ती क्रेट घेऊन माझ्या दाराशी आली. "सर, तळाच्या पाच बाटल्या दोनदा भरल्यात. एक संच तुम्हाला, एक राखीव."

"कशाला एवढा त्रास घेतलात?"

"आमच्याकडं होडीत दुसरं जाळं असतंच, सर. सवय हाय."

क्षारता मोजणाऱ्या यंत्राला खोलीचे तापमान स्थिर लागते. तरीही ते हळूहळू ढळते, म्हणून मोजणीच्या आरंभी आणि शेवटी, क्षारता आधीच ठाऊक असलेल्या सीलबंद पाण्याने ते तपासायचे असते. मी वरच्या थरांपासून मोजत खाली येत होतो. तळाच्या पाच बाटल्या उरल्या असताना वीज गेली. यंत्र बॅटरीवर चालू राहिले. वातानुकूलन बंद पडले. चार वाजता वाशीला माझ्या मुलीच्या शाळेचे स्नेहसंमेलन होते, आणि ती पहिल्यांदाच रंगमंचावर उभी राहणार होती. खोली तापत असताना मी त्या पाचही बाटल्या मोजल्या. शेवटच्या तपासणीला अर्धा तास लागला असता. सीलबंद बाटली मी कपाटातून काढलीच नाही. वहीत 'शेवटची तपासणी' या शब्दांपुढे बरोबरची खूण केली आणि निघालो. मुलीचे नाचणारे पाय मला वेळेवर दिसले.

महिन्याभराने आलेख तयार झाला. जहाजावरच्या उपकरणाने खोल पाण्यात नोंदवलेली क्षारता आणि माझे आकडे वरपासून बरोबर जुळत होते. फक्त तळाशी माझी रेघ बाजूला वळली होती. पाणी असायला हवे त्यापेक्षा जास्त खारट निघाले होते. आमच्या प्रमुखांनी आम्हा दोघांना बोलावले.

"यंत्र तपासलं होतं?" त्यांनी मला विचारले.

मी वही पुढे सरकवली. ती खूण माझ्यासाठी बोलली.

मग ते तिच्याकडे वळले. ती म्हणाली, "सर, मी तीनदा विसळल्यात."

"मग मीठ आलं कुठून?"

"राखीव बाटल्या हायत. त्या मोजून बघा."

"त्याही तुम्हीच भरल्यात ना?"

तिने स्वतःच्या हातांकडे पाहिले. मी वहीकडे पाहत राहिलो. पुढच्या सफरीला तिचे नाव नव्हते, आणि मुदत संपल्यावर कंत्राट वाढवले गेले नाही. जाताना ती माझ्या खोलीत येऊन म्हणाली, "माझ्यामुळं तुमची मेहनत वाया गेली, सर." मी मान हलवली. ती मान कशासाठी हलवली, हे मला आजही सांगता येत नाही.

ती गेल्यावर एका सुट्टीच्या दिवशी मी एकटाच प्रयोगशाळेत गेलो. खोली गार होऊ दिली, यंत्र सुरुवातीला तपासले, शेवटी तपासले, आणि मधल्या वेळात तिच्या राखीव बाटल्या मोजल्या. पाचही आकडे जहाजावरच्या आकड्यांशी तिसऱ्या अंकापर्यंत जुळले. मग मोजून उरलेले सगळे पाणी बेसिनमध्ये ओतले. शतकानुशतके उजेड न पाहिलेले ते पाणी नळीतून घळघळत गेले, आणि गेल्यावरही तो आवाज माझ्या कानांत थांबला नाही.

तेव्हापासून मी घरात भांडी फार विसळतो. बायको म्हणते, "ग्लासचा रंग जाईल आता. टाकीत पाणी किती उरलंय, बघितलंत का?" मी हसून नळ बंद करतो. दुपारी स्वयंपाकघरात कुणी नसताना बेसिनच्या जाळीकडे पाहत उभा राहिलो, की वाटते, खालून कुणीतरी शांतपणे ऐकते आहे. ते रागावलेले नाही. फक्त उत्तराची वाट पाहते आहे.

मी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. यंदा एका रविवारी मासळी घ्यायला दिवाळ्याला गेलो. पाटीमागून आवाज आला, "सर? बारीक झालात."

आईच्या जागी आता ती बसत होती. केसांत पांढरे आले होते, पण हात तसेच होते, नेमके. बोंबील साफ करत तिने माझ्या मुलीची चौकशी केली. आई वारली, भाऊ होडीवर असतो, असे सांगितले. मग सुरी थांबवून म्हणाली, "एक विचारू? कळलं का शेवटी, माझ्या बाटल्यांत काय चुकलं होतं? मला वाटतं, बोट हलत होती तेव्हा झाकण नीट बसलं नसंल. अजून कधी कधी मी ते झाकण लावत बसते मनात."

"जुनं झालं ते," मी म्हणालो, पिशवी घेतली आणि निघून आलो. घरी बोंबील तळले गेले. मी ताटावरून उठलो.

माझा अपराध तिने स्वतःचा समजून सांभाळला होता, आणि तो खरा अपराधच असल्यासारखा पुन्हा पुन्हा तपासला होता. एवढी वर्षे मला वाटत होते की माझ्या गप्प राहण्याने तिची फक्त नोकरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोला सगळे सांगितले. ऐकून झाल्यावर ती एवढेच म्हणाली, "आजच जा." प्रयोगशाळेच्या नावाने पत्र लिहिले, टपालात टाकले आणि तसाच दिवाळ्याला गेलो. गिऱ्हाईक नव्हते.

"आज सोमवार, सर. घरी चालतं तुमच्या?"

"मासळीसाठी नाही आलो."

शेजारच्या दोघी मान वळवून पाहू लागल्या. तिने हात धुतले आणि माझ्यासाठी एक उपडा क्रेट पुढे केला. मी बसलो नाही.

"तुमच्या बाटल्यांत काहीही चुकलं नव्हतं," मी म्हणालो. "यंत्र मी शेवटी तपासलंच नाही आणि तपासलं असं लिहिलं. तुमच्या राखीव बाटल्या मी नंतर मोजल्या. पाचही बरोबर होत्या. हे मला ठाऊक असूनही मी ते पाणी ओतून दिलं आणि गप्प बसलो. तुमचं काम माझ्यामुळे गेलं. प्रयोगशाळेला हे सगळं आज लेखी कळवलं आहे, पण आधी तुम्हाला सांगायला हवं होतं, त्याच दिवशी, त्याच खोलीत. मी तुमचा अपराधी आहे. मला माफ करा."