बुजवलेली खिडकी

लेकीकडे स्कॉटलंडला गेले असताना आम्ही दोघी समुद्राकाठचा एक जुना किल्ला बघायला गेलो. तिथे डागडुजी चालली होती. एका अंधाऱ्या दालनात मोरॅग नावाची पन्नाशीची बाई गवंडीकाम करत होती. भिंतीतल्या दगडांभोवतीचा चुना ती छिन्नीनं हलकेच खरवडत होती.

"इथे खिडकी होती," ती म्हणाली आणि लेक मला मराठीत सांगत गेली. "वेढा पडणार या भीतीनं कुणीतरी घाईघाईनं बुजवली. आज शेवटचे दगड काढतेय. वरची कमान टिकली तर खिडकी परत मिळेल, नाहीतर कमानच खाली येईल."

आम्हाला तिनं दोरीपलीकडे उभं केलं. एक दगड निघाला, मग दुसरा. कमानीतून भुरभुर माती गळली आणि मी लेकीचा दंड घट्ट धरला.

"आई, दुखतंय गं!"

कमान हलली नाही. खारा वारा भसकन आत आला, पाठोपाठ ऊन! किती पिढ्या इथे भरदिवसा दिवे लावून वावरल्या असतील. माणसं घाबरली की खिडकी एका दिवसात बुजवतात. उघडायला मात्र केवढा धीर लागतो.

मोरॅग तिथेच धुळीत बसली, डोळे पुसत हसली आणि मला हातानं पुढे बोलावलं. मी धावलेच.

"अगं, समुद्र! समुद्र!" मी ओरडले, मराठीतच.

तिनं अर्थ विचारला नाही. उठून माझ्या शेजारी आली आणि तीही बघत राहिली.