भरीत पार्टीला गेलेली योगा मॅट

आमच्या घरात एक न लिहिलेला कायदा आहे. जे जमिनीवर अंथरतात ते एकट्याचं नसतं. सतरंजी सगळ्यांची, प्लास्टिकची चटई सगळ्यांची, आणि पाहुणा आला की माझ्या अंगाखालची गोधडीसुद्धा पाहुण्याची. खुर्चीला मात्र हा कायदा लागत नाही. हॉलमधली आरामखुर्ची आमच्या ह्यांची आहे. तिच्यावर जावई जरी बसले तरी हे आजूबाजूला घुटमळत राहतात, बसत नाहीत. हा कायदा कुणी केला ते मला विचारू नका, डोकं फिरतं माझं.

मागच्या उन्हाळ्यात बिबड्यांसाठी शिजवलेल्या ज्वारीच्या पिठाचं पातेलं उतरवताना माझ्या कंबरेत लचक भरली. बिबडे झाले, वाळले, सगळ्यांनी तळून खाल्लेही. कंबर काही जागेवर आली नाही. जमिनीवर बसले की उठता येईना. सकाळी देवापुढे बसायचे आणि तिथंच अडकायचे. हाक मारायची, तर हे बाहेरून म्हणायचे, "येतो ना, थांब." आणि टीव्हीवरच्या बातम्या संपेपर्यंत काही यायचे नाहीत. निरांजन विझायचं, मी आपली देवाकडे बघत, देव माझ्याकडे बघत. मग हे येऊन धान्याचं पोतं उचलावं तसं मला काखेत हात घालून उचलायचे आणि वर म्हणायचे, "वजन कमी कर."

मला दुसरं काही नको होतं. कुणाचा हात न धरता जमिनीवरून उठायचं होतं, बस.

जळगावात ज्या मुलीकडे मी व्यायामाला जायचे ती फिजिओथेरपिस्ट माझ्या धाकट्या भाचीच्या वयाची. तिनं शिकवलं, आधी कुशीवर वळा, मग हात टेका, मग गुडघा, मग वर. तिच्याकडच्या मॅटवर मला ते जमायचं. घरी सतरंजी फरशीवरून सरकायची आणि प्लास्टिकची चटई हाताखालून निसटायची. ती म्हणाली, "काकू, फरशीला धरून राहणारी स्वतःची मॅट घ्या. आणि रोज करा."

घरी सांगितलं. ह्यांचं मूळ गाव पारोळ्याकडचं, चिडले की अहिराणीवर येतात. म्हणाले, "घरमा इतल्या चटया शेतस, आखो कसाले जोयजे?" आणखी कशाला पाहिजे म्हणे! उचलली जीभ, लावली टाळ्याला. शेवटी पुण्यातल्या धाकट्या मुलानं दिवाळीच्या आधी ऑनलाइन एक मॅट पाठवली. निळी, चांगली जाड. मी ती देवघराच्या खोलीत उभी करून ठेवली. नवऱ्याला, सुनेला, नातवाला, सगळ्यांना सांगितलं की ही माझी आहे. सगळ्यांनी मान डोलावली. मान डोलवायला काय जातं?

महिनाभर बरं चाललं होतं. मग थंडी पडली आणि भरताची वांगी आली. आता आमच्याकडे थंडीत भरीत पार्टी म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. ह्यांच्या एका मित्राचा सावद्याला केळीचा मळा आहे. तिथं कपाशीच्या वाळल्या काड्यांवर वांगी भाजायची, हिरव्या मिरच्या घालून कुटायची, वरून तेल सोडायचं, आणि पुरी नाहीतर ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीशी हाणायची. सगळे पुरुषच. बायकांनी पुऱ्यांचं पीठ मळून द्यायचं. मी दिलं. कंबर धरून दिलं.

संध्याकाळी व्यायामाला गेले तर कोपऱ्यात मॅट नाही.

रात्री हे आले तेव्हा मॅट स्कूटरला बांधलेली होती. उलगडली. तेलाचे डाग, मिरचीचा वास, एका टोकाला चिखल. आणि बरोबर मध्ये, जिथं माझा कणा टेकायचा तिथं, विस्तवानं पडलेलं भोक. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे म्हणतात, "चार लोक बसले तिच्यावर. चीज झालं चटईचं. धुऊन टाक."

धुऊन टाक म्हणे. भोक कसं धुतात ते मला त्या मळ्यातल्या विद्वानांनी येऊन दाखवावं.

मी दोन दिवस ह्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी म्हटलं, "चला, मॅट घ्यायची. ह्या वेळी मी निवडणार."

खेळाच्या सामानाच्या दुकानात गेलो. दुकानदार ह्यांच्या ओळखीचे मारवाडी गृहस्थ, बोलायला गोड. पण सगळा गोडवा ह्यांच्याशी. "भाऊ, वहिनींसाठी ना? मग ही बघा." गुलाबी, वर कमळाचं चित्र, आणि इतकी पातळ की पापड बरा. मी विचारलं, "ही फरशीवर सरकते का?" उत्तर ह्यांना दिलं. "भाऊ, लेडीजमध्ये हीच जाते. हलकी असते, उचलायला सोपी." कंबर माझी, पाठ माझी, प्रश्न माझा, आणि उत्तर ह्यांना. मी काय तिथं मॅटची पिशवी धरायला आले होते?

हे म्हणाले, "घेऊन टाक ना. चटई ती चटई."

मग मी तिथं उभ्यानं बोलले. दुकानात कॉलेजच्या दोन मुली होत्या, त्यांनीही ऐकलं. म्हटलं, "भरताचं एक वांगं घ्यायला तुम्ही बाजारात अर्धी पाटी उपसता. हातात घेऊन तोलता, आकारानं मोठं आणि वजनाला हलकं बघता, देठ बघता, दाबून बघता. जे तासाभरात जाळून टाकायचं त्याला एवढी पारख, आणि माझी पाठ जिच्यावर टेकायची तिला चटई ती चटई?"

दुकानदार म्हणाले, "वहिनी, तुमचं बरोबर आहे, पण मॅट काय दाबून बघणार?"

म्हटलं, "झोपून बघणार."

आणि झोपले. चपला काढल्या, पदर खोचला, त्या गुलाबी कमळावर सरळ आडवी झाले. खालची फरशी माकडहाडाला लागली. कुशीवर वळून हात टेकला तर मॅट हातासकट पुढे गेली. अडकले. हे लाजेनं लाल झालेले. वाकून हात पुढे केला आणि दातात म्हणाले, "ऊठ ना वं, लोके देखी राहिनात." तो हात मला धरावा लागला. माझ्या दुखण्याची कीव येऊन कधी इतक्या तत्परतेनं आला नव्हता तो हात, लोक बघतायत म्हणून आला. मला रडू यायचं बाकी होतं.

पण मी बाहेर गेले नाही. म्हटलं, "दुसरी टाका." दुसरी गादीसारखी जाड होती, तिच्यात हाताचा पंजाच रुतला. पुन्हा ह्यांचा हात. हे म्हणाले, "पुरे आता." म्हटलं, "तिसरी टाका." त्या दोन मुलींपैकी एकीनंच फळीवरून ओढून आणली. काळपट हिरवी, दिसायला काही नाही, पण फरशीवर टाकली तशी बसली. मी झोपले. वर पंख्यावर धूळ होती, ती बघत जरा पडून राहिले. घाई कुणाला होती? मग कुशीवर वळले. हात टेकला. गुडघा. आणि उभी राहिले.

हात कुणाचा धरला नाही. म्हटलं, "ही."

घरी आल्यावर रोज केलं. देवापुढे तीच अंथरून बसायला लागले. पूजा झाली की आपली मी उठते. बातम्या कधी संपतात ते आता मला ठाऊक नसतं.

संक्रांतीनंतर सावद्याहून पुन्हा फोन आला. भरीत पार्टी. ह्या वेळी मी पीठ मळायला नकार दिला, ते सुनेनं मळलं, तेही मला रुचलं नाही. दुपारी मी खोलीत मॅटवर पाठ टेकून पडले होते. हे कपडे करून आत आले. माझ्याकडे बघितलं, वाकले आणि हात पुढे केला.

खोटं कशाला बोलू, मला क्षणभर बरं वाटलं. म्हटलं, माणूस शिकला. आज टीव्ही सोडून, कुणी बघत नसताना, न बोलावता मला उठवायला आला.

हात माझ्यापर्यंत आलाच नाही. ह्यांनी मॅटचं टोक धरलं होतं. म्हणाले, "ऊठ जरा. मंडळी खोळंबली शे."

आता मला कुणाच्याही हाताशिवाय उठता येतं. पण मी उठले नाही.