कारामफिलचा वळसा

मला लिहायची सवय नाही. पण कारामफिलचं हे कुणीतरी लिहून ठेवायला हवं, आणि त्या दिवशी तिथे मीच होतो, दुसरं कुणी नव्हतं. लिहिताना मागेपुढे झालं तर सांभाळून घ्यावं.

कारामफिल शिश्कोव्ह आयुष्यभर आमच्या डोंगरात बस चालवत होता. कुठल्या वळणावर कुणाची म्हातारी ओकली होती, कुठे बकऱ्या आडव्या येतात, सगळं त्याला पाठ. लग्न केलं नाही. हिवाळ्यात आपली जुनी लाल जावा मोटारसायकल तो घरात घेतो, चुलीपासून जरा लांब उभी करतो आणि वर लोकरीचं पांघरूण घालतो. गोस्पोदिन, आमच्या चौघांतला तोंडाळ, दर वर्षी विचारतो, "काय रे, बायकोला सर्दी नाही ना झाली?" कारामफिल हसतो. त्याचे कान मोठे आहेत, हसला की तेही हलतात.

बर्फ उतरलं की तो खाणावळीतल्या कोपऱ्यातल्या टेबलावर नकाशा पसरतो. उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर राकियाचे, म्हणजे आमच्या फळांच्या दारूचे, चार पेले ठेवतो आणि आम्हा चार म्हाताऱ्यांची मोटारसायकलची सहल आखतो. कारामफिल, गोस्पोदिन, रुस्को आणि मी. कुठल्या गावात मुक्काम, कुठे घेवड्याचं सूप मिळेल, कुठली घाट-वाट अजून ओली असेल, सगळं तोच ठरवतो. आम्ही फक्त पेले रिकामे करतो, मग नकाशा गुंडाळला जातो.

एक गोष्ट मात्र दर वर्षी व्हायची. त्याची पेन्सिल नदीवरच्या दगडी पुलापर्यंत सरळ यायची आणि तिथून एकदम डावीकडे वळायची. अख्ख्या डोंगराला वळसा. सरळ वर गेलं तर सोकोलित्सा गाव, त्यापुढे खिंड आणि खिंडीपलीकडे आमचा मुक्काम. निम्मं अंतर. पण कारामफिल म्हणायचा, "वरचा रस्ता खचलाय."

"तो खचला तेव्हा माझ्या तोंडात दात होते," यंदा गोस्पोदिन म्हणाला. "रुस्कोचा जावई परवा लाकडाचा ट्रक घेऊन गेला वरून. म्हणाला, रस्ता लोण्यासारखा आहे. यंदा सोकोलित्सातूनच. नाहीतर मी घरी बसून टीव्हीवर डोंगर बघतो."

 कारामफिलने पेन्सिल खिशात ठेवली. मग म्हणाला, "आधी बघून येतो. मेतोदी, तू चल."

मेतोदी म्हणजे मी. माझ्या गाडीचा गिअरबॉक्स खोललेला होता, म्हणून मी त्याच्या मागे बसलो. त्याने मला का निवडलं असेल? मी कुणाला काही सांगत नाही म्हणून, असं मला वाटतं. आता सांगतोय, पण त्याला विचारून.

त्याच्या मागे बसणं म्हणजे शिक्षा आहे. उतार आला की तो इंजिन बंद करतो आणि गाडी तशीच सोडतो. पेट्रोल वाचतं म्हणे. इतकी वर्षं मी ओरडतोय, तो ऐकत नाही. बसही तशीच न्यायचा की काय, हे विचारायचं धाडस मला झालेलं नाही.

दगडी पुलाशी त्याने गाडी थांबवली. आम्ही कठड्यावर बसून पाव आणि पांढरं चीज खाल्लं. खाता खाता, नदीकडे बघतच तो म्हणाला, "वर बिस्त्रा राहते."

"कोण बिस्त्रा?"

"माझं तिच्याशी ठरत होतं."

माझा घास तोंडातच राहिला. शाळेपासून आम्ही बरोबर आहोत. त्याला मुलींशी धड बोलताही येत नाही, असं अख्खं गाव मानतं. मीही मानत होतो.

"तिच्या बापाकडे मागणी घालायला गेलो होतो," तो म्हणाला. "याच जावावर. बाप, वेल्को, दारात उभा. म्हणाला, हे यंत्र वीक आणि पोरगी घेऊन जा. मोटारसायकलवाल्याला मी मुलगी देत नाही, वर्षाच्या आत एकतर हिला विधवा करशील, नाहीतर मागे बसवून हिलाच मारशील."

"मग?"

"मग काय. जावा नवी होती."

"आणि ती?"

"ती खिडकीत होती. मी म्हणालो, विचार करून येतो."

तो विचार करायला गेला तो गेलाच. चाळीस वर्षांहून जास्त झाली.  तिने लग्न केलं का, ती जिवंत तरी आहे का, मी विचारलं. त्याला ठाऊक नव्हतं. कुणाला कधी विचारलंच नव्हतं.

"तिने ओळखलं नाही तर?" तो म्हणाला. जरा वेळाने म्हणाला, "आणि ओळखलं तर?"

मी भित्रा माणूस. लगेच म्हणालो, "चल परत. रस्ता खचलाय म्हणून सांगू. मीही सांगतो."

त्याने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. वाटलं, मानला. मग हातावरचे तुकडे झटकले, किक मारली आणि डावीकडे न वळता सरळ चढाला लागला.

रस्ता खरंच लोण्यासारखा होता.

सोकोलित्साचं स्मशान गावाच्या तोंडाशीच, चढ संपतो तिथे आहे. जावा तापली होती. स्मशान म्हटलं की नळ असतोच, म्हणून मी बाटली घेऊन आत गेलो. बाटली भरता भरता सहज समोरच्या दगडाकडे नजर गेली आणि पाणी माझ्या बुटात पडायला लागलं.

काळा, जोडप्यासाठी करतात तसा रुंद दगड. डावीकडे एका बाईचा फोटो, उजवीकडे कारामफिलचा.

आधी वाटलं, कुणी चुलतभाऊ असेल. पण ते कान! डोक्यावर चामड्याची टोपी, टोपीवर चढवलेला चष्मा, वय पंचविशीचं. खाली नाव, बापाचं नाव, आडनाव, सगळं कोरलेलं. जन्माचं साल. पुढे एक रेघ आणि रेघेपुढे कोरी जागा.

आमच्याकडे नवरा गेला की बायको त्याच्या दगडावर आपलाही फोटो लावून घेते, रेघ ओढून पुढची जागा सोडते. यात कुणाला काही वाटत नाही. माझ्या बहिणीने तसंच केलंय, रविवारी जाऊन स्वतःचा फोटो पुसून येते. पण ती बायको असते! लग्न झालेली असते!

मी धावत बाहेर आलो. "चल. नळ बंद आहे."

"पाण्याचा आवाज येतोय की," कारामफिल म्हणाला आणि माझ्या बाजूने आत गेला.

त्याला धरावं, असं मनात आलं. धरलं नाही. तो दगडासमोर उभा राहिला. मेलेल्यापुढे काढतात तसं त्याने हळूच हेल्मेट काढलं. ओठ पांढरे पडले होते.

"मेतोदी," तो म्हणाला, आणि तो चेष्टा करत नव्हता. "मी मेलो का?"

"नाही," मी म्हणालो. "साल कोरलेलं नाही."

तेव्हा कुठे त्याने डावीकडे बघितलं. बिस्त्रा वेल्कोवा. जन्माचं साल, रेघ आणि पुढे कोरी जागा. तिचीही.

"म्हणजे ही..."

"सायलेन्सर अजून फाटकाच आहे वाटतं," मागून कुणीतरी म्हणालं.

मी अक्षरशः किंचाळलो. फाटकात एक बाई उभी होती. पायात रबरी बूट, कमरेला फडकं, खांद्यावर कुदळ. फोटोतलीच, पण पिकलेली.

"बटाट्याच्या वाफ्यात होते," ती म्हणाली. "पुलाशी गाडी थांबली, तेव्हा म्हटलं, आता नेहमीसारखी डावीकडे जाणार. गेली नाही."

"बिस्त्रा," कारामफिलला कसंबसं बोलता आलं. "हे काय आहे?"

"दगड आहे. दिसत नाही?"

"त्याच्यावर मी आहे!"

"मग कोण पाहिजे होतं? पोस्टमन?"

"अगं, पण मी जिवंत आहे!"

"मीही आहे. म्हणून काय झालं?" तिने कुदळ टेकवली. "पाथरवट आला होता गेल्या शरदात. एकटीचा दगड म्हणजे अगदी अरुंद पट्टी निघते रे. आईबाबांच्या बाजूला शेळी बांधून ठेवल्यासारखी. मला नाही आवडलं. रुंद दे म्हटलं. तो म्हणाला, दुसरा फोटो कुणाचा? माझ्याकडे एकच होता. तूच दिला होतास, टोपी घातलेला."

"विचारायचं तरी!"

"कुणाला? दर वसंतात पुलापर्यंत यायचास आणि पळायचास. इथून सगळं ऐकू येतं. आधी तुझी, मागून आणखी तीन गाड्या. त्यातली एक फार खोकते."

ती खोकणारी माझी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं आम्ही चौघं त्या पुलावर हसत-खिदळत वळलो होतो आणि वर ही बाई बटाटे खणता खणता ऐकत होती.

"हे बघ," ती आता हळू बोलली. "पाथरवट गुरुवारी कठडा बसवायला येतोय. तुला नको असेल तर सांग. तो यंत्राने तुझा फोटो आणि नाव घासून टाकेल. मी रागावणार नाही. पण तोंडाने सांग. विचार करून येतो म्हणू नकोस."

कारामफिल हातातल्या हेल्मेटमध्ये बघत राहिला, जसं काही उत्तर आत ठेवलंय. मला वाटलं, आता हा पळणार.

ती वाट बघत होती. मग एकाएकी माझ्याकडे वळली. "तुमचं नाव काय?"

"मेतोदी."

"मेतोदीदादा, जरा हे धरा." तिने कुदळ माझ्या हातात दिली आणि माझ्या डोक्यावरचं हेल्मेट काढून स्वतःच्या डोक्यावर चढवलं. "उत्तर नंतर दे, कारामफिल. आधी मला खिंडीपर्यंत नेऊन आण."

"आत्ता?"

"नाहीतर काय, दगडाखाली गेल्यावर नेणार?"

"तुझे बाबा म्हणाले होते..."

"मागे बसले तर मरेन म्हणाले होते. एकाहत्तरावं चालू आहे मला. बघू तरी."

ती रबरी बुटांसकट जावावर चढली. कारामफिलच्या दोन किक चुकल्या, तिसऱ्यांदा लागली. मग निळा धूर सोडत ते गेले आणि मी स्मशानात कुदळ घेऊन एकटा उभा राहिलो.

शेजारचा दगड वेल्कोचा होता. जाड मिशा, रोखलेले डोळे. मी त्याच्याकडे पाठ केली आणि ऐकत राहिलो. पहिलं वळण. दुसरं. आवाज झाडीत जायचा, पुन्हा यायचा. खिंडीजवळ पोचला असेल, तेवढ्यात थांबला.

मी म्हटलं, उतरले असतील, खालचं बघत असतील. बराच वेळ झाला. इंजिन पुन्हा सुरू होईना. तिचे रबरी बूट डोळ्यांसमोर आले, त्या चुकलेल्या दोन किक आठवल्या. खिंडीच्या अलीकडे कठडा नाही, हे नकाशावर कारामफिलनेच मला दाखवलं होतं. नकोच म्हणत असताना मन त्या दगडावर दोन सालं कोरायला लागलं. आजचंच साल, दोघांचंही.

माझे गुडघे गेलेत. तरी मी धावलो. कुदळ हातातच राहिली, टाकायचं सुचलंच नाही. रस्त्याच्या मधोमध धावत होतो, तोंडाने काय म्हणत होतो ते सांगत नाही. पहिल्या वळणाशी पोचलो आणि समोरून, काही म्हणता काही आवाज नाही, जावा अंगावर आली.

"बाजूला व्हा, दादा!" बिस्त्रा ओरडली.

मी गटारात उडी मारली. ते माझ्याजवळून सळसळत गेले. तिचं कमरेचं फडकं मागे उडत होतं आणि ती पोरीसारखी ओरडत होती, "सोड, सोड, ब्रेक सोड!" इंजिन बंद. उतार होता ना! इतकी वर्षं त्याच्या मागे बसून डोळे मिटणारा मी, मला एवढं सुचलं नाही.

मी परत आलो तेव्हा माझी पॅन्ट गुडघ्यापर्यंत चिखलाने भरली होती आणि ते दोघं दगडासमोर उभे होते. बिस्त्राने हेल्मेट काढलं होतं. तिचे केस विस्कटले होते.

"हं," ती म्हणाली. "सांग."

कारामफिलने फोटोवरची धूळ अंगठ्याने पुसली. "पाथरवटाला सांग," तो म्हणाला आणि अंगठा पॅन्टला पुसला. तिचा चेहरा दगडासारखा झाला. "टोपीखाली जागा मोकळी आहे. तिथे जावा कोरता येईल का? चाकं गोल काढ म्हणावं. हे लोक अंड्यासारखी काढतात."

बिस्त्राने आधी त्याच्याकडे बघितलं, मग शेजारी मिशांकडे. "बाबा उठून बसतील."

"बसू दे."

मग ती हसायला लागली आणि हसता हसता तिला दगडाचा आधार घ्यावा लागला. मी चिखल पुसत बसलो. दुसरीकडे कुठे बघावं कळत नव्हतं.

दुपारी तिने तव्यावर बटाट्याचा पातात्निक, म्हणजे जाड धिरडंच, केला, पुदिना घालून. कारामफिलने तिच्या टेबलावर नकाशा पसरला. तिने त्याच्या हातातून पेन्सिल घेतली आणि मुक्काम खिंडीपलीकडून अलीकडे आणला. चार खाटा आहेत म्हणाली, गोस्पोदिन कोण तो घोरत असेल तर त्याला गोठ्यात टाकू.

संध्याकाळी खाणावळीत गोस्पोदिन आणि रुस्को वाट बघत होते. माझी पॅन्ट बघून रुस्को उभाच राहिला.

"अरे देवा!" गोस्पोदिन म्हणाला. "पडलात! खचलाय म्हणजे खरंच खचलाय!"

कारामफिल खुर्चीत बसला. राकिया न सांगता आली, ती त्याने तशीच ठेवली.

"रस्ता चांगला आहे," तो म्हणाला. "पहिल्यापासूनच चांगला होता."