नवरा माझ्याआधी उडाला

विमान चालवायचं वेड माझं होतं, नवऱ्याचं नव्हे. नागपूरला सोनेगावच्या विमानतळाजवळ आमचं घर. उतरणारी विमानं बघतच मी मोठी झाले. पुढे परदेशात आलो, स्कोफिल्ड्सला घर झालं, नोकरीत स्थिरावले, तेव्हा शहराबाहेरच्या एका गवती धावपट्टीवर नाव घातलं. तिथे अगदी जुन्या पद्धतीनं शिकवायचे. विमानाला वरखाली दोन पंख, तेही कापडी. छत नाही, ब्रेक नाहीत, पुढचा पंखा हाताने फिरवून इंजिन सुरू करायचं. शिकवणारी सत्तरीची बाई पुढच्या सीटवर बसून रबरी नळीतून मागे ओरडायची.

नवरा नुसता सोबत आला होता. "मीपण एक राउंड मारून बघतो," म्हणाला. उतरल्यावर बाई त्याला म्हणाली, "मेट, तुझ्या हातातच आहे हे!" मला म्हणाली होती, "नो वरीज, जमेल हळूहळू."

माझा जळफळाट झाला.

मग दर शनिवारी आम्ही दोघंही जायला लागलो. टेकताना माझं विमान बेडकासारखं उड्या मारायचं, त्याचं गवतावर अलगद बसायचं. परतताना गाडीत तो समजावायचा, "तू दांडा फार घट्ट धरतेस गं." मी खिडकीबाहेर बघत राहायचे. एका शनिवारी त्याला ताप आला, तर मला चक्क बरं वाटलं.

एका सकाळी बाई विमानातून खाली उतरली आणि त्याला म्हणाली, "जा आता, एकटा."

पिवळं विमान निलगिरीच्या झाडांवरून वळलं आणि कुंपणापाशी मला रडू फुटलं. लोकांना वाटलं, कौतुकानं. तो हसत आला. "बघितलंस?"

"ऊन होतं डोळ्यावर," मी म्हणाले.

जेवताना लेकीनं विचारलं, "ममा, आर यू जेलस ऑफ डॅड?"

"हो," मी म्हणाले.

नवऱ्याचा घास हातातच राहिला. "मग मी थांबू का?"

"थांबलास तर बघ! तुझी दया नकोय मला."

हिवाळा सरता सरता माझीही एकटीनं उडायची पाळी आली. समोरची सीट रिकामी, तोंडावर गार वारा, खाली गुरं ठिपक्याएवढी. तेवढा वेळ मला नवऱ्याची आठवणसुद्धा झाली नाही. उतरताना विमान दोनदा उसळलं, पण उतरलं.

नवऱ्यानं धावत येऊन मिठी मारली. त्याच्या खांद्यावरून मी बाईला विचारलं, "ह्याचं पहिलं लँडिंग माझ्यापेक्षा चांगलं होतं?"

"हो," ती म्हणाली. "बरंच."